बाटलीवरचा बारीक शब्द

आमच्या फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी, यांची इन्सुलिनची दोन पेनं असतात. एक जेवणाआधीचं, एक रात्रीचं. परवा धाकट्या जावेने ती पाहिली. तिलाही आता साखर निघाली आहे, म्हणून तिची चौकशी जरा जास्त. "अक्का, इन्सुलिन म्हणजे इन्सुलिन, मग ही दोन-दोन कशाला?" मी सांगायला बसले आणि तासभर बोलत राहिले. कारण हे प्रकार मला पुस्तकातून कळलेले नाहीत. एका बाटलीमुळे कळले, आणि ती बाटली या जावेने कधी पाहिलीच नव्हती.

1991 साली मी लग्न होऊन बेळगावात आले. त्याच वर्षी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सुई सुरू झाली. सून बी.ए. झालेली, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, निवू द्यायची. औषध पातळ ताकासारखं पांढरट, खाली साका बसणारं. बाटली दोन्ही तळव्यांत हळू फिरवायची, खुळखुळवायची नाही. सकाळी चोवीस युनिट, संध्याकाळी बारा.

बाटलीवर औषधाच्या नावाजवळ बारीक अक्षरांत इंग्रजीत एक शब्द होता : बोव्हाइन. आत्याबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, पण नजर तीक्ष्ण. एके सकाळी म्हणाल्या, "ते पुढं बारीक काय लिहिलंय गं?"

"प्रकार आहे, आत्याबाई. औषधाचा प्रकार."

खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. पण बोव्हाइन म्हणजे गोवंशाचं, हे मला ठाऊक होतं. कांदा-बटाटा न शिवणाऱ्या, पाणी गाळूनच पिणाऱ्या, दिवस मावळल्यावर तोंडात काही न घालणाऱ्या बाईच्या दंडात मी रोज दोनदा कत्तलखान्यातून आलेलं औषध टोचत होते. सांगितलं तर त्या सुई बंद करतील अशी मला भीती होती. सांगितलं नाही. आणि तेव्हापासून हे औषध आलं कुठून, याचा शोध मला लागून राहिला.

इन्सुलिनच्या आधीचे दिवस वाचले की अंगावर काटा येतो. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन मधुमेही मुलांना उपाशी ठेवत. क्रूरपणाने नव्हे, दुसरा उपायच नव्हता म्हणून. खाणं जितकं कमी, तितके चार दिवस जास्त. उपवासाची आपल्याला सवय आहे, पण आपला उपवास सुटतो. त्या मुलांचा सुटत नसे. एलिझाबेथ ह्यूज ही मोठ्या घरची मुलगी, वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. 1922 च्या ऑगस्टमध्ये तिला टोरांटोला आणलं तेव्हा जवळजवळ पंधरा वर्षांची ती मुलगी जेमतेम वीस किलोची होती. पुढे ती वयाच्या 73 व्या वर्षापर्यंत जगली, तिला मुलंबाळं झाली.

टोरांटोला न्यायचं कारण तिथलं संशोधन. 1921 च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी तिथे प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं. आधी कुत्र्यांवर. त्यांचं स्वादुपिंड काढायचं, मधुमेह झाला की दुसऱ्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचायचा. कितीतरी कुत्री मेली. हे वाचताना मी पुस्तक दोनदा मिटून ठेवलं होतं. मग अर्कासाठी कत्तलखान्यातून गुरांची स्वादुपिंडं आणायला सुरुवात झाली. 11 जानेवारी 1922 रोजी चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिली सुई दिली. अर्क अशुद्ध होता, सुईच्या जागी गळू झालं, फायदा नावालाच. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अर्क शुद्ध केला, आणि 23 जानेवारीच्या सुईने मुलाची साखर उतरली. तो आणखी तेरा वर्षं जगला. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. दान म्हणतात ते हेच, असं मला वाटतं. आज औषधाचं बिल हातात आलं की त्या एका डॉलरची हटकून आठवण होते.

यातली एक बाई मला विशेष आवडते. डेन्मार्कच्या मारी क्रोग. स्वतः डॉक्टर, आणि स्वतःच मधुमेही. नवरा ऑगस्ट क्रोग नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. 1922 मध्ये दोघं व्याख्यानांसाठी अमेरिकेला गेली, तेव्हा टोरांटोला जाऊन हे औषध बघाच, असा आग्रह मारीबाईंनी धरला. क्रोग परवानगी घेऊन परतले आणि मारीबाईंचे डॉक्टर हागेडोर्न यांना बरोबर घेऊन डेन्मार्कमध्ये इन्सुलिन बनवू लागले. नावं पुरुषांची झाली, पण वाकडी वाट करायला लावली ती बाईने.

जावेच्या प्रश्नाचं उत्तर या हागेडोर्नपासूनच सुरू होतं. पहिलं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ होतं आणि त्याचा असर सहा-आठ तासांत संपायचा. दिवसातून तीन-चार सुया, रात्री झोपेतून उठवूनसुद्धा. 1936 मध्ये हागेडोर्नने त्यात प्रोटामिन मिसळलं. हा पदार्थ ट्राउट माशाच्या शुक्रातून काढलेला. (म्हणजे आणखी एक जीव वाढला, असं मी तेव्हा मनाशी मोजलं होतं.) त्यामुळे इन्सुलिन कातडीखाली सावकाश विरघळू लागलं. दुसऱ्यांनी त्यात जस्त घातलं, मग असर दिवसापेक्षाही लांबला. 1946 मध्ये दोन्हींचं प्रमाण बेतून एनपीएच तयार झालं. त्यातला 'एच' म्हणजे हागेडोर्न. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला प्रोटामिनशिवाय, नुसत्या जस्तावर चालणारं लेन्टे आलं. आत्याबाईंची बाटली लेन्टेची. गढूळ दिसायची ती त्या जस्तातल्या कणांमुळे, आणि कण सगळीकडे सारखे पसरावेत म्हणून तळव्यात फिरवणं.

ही मधल्या पल्ल्याची इन्सुलिनं सोयीची खरी, पण त्यांचा जोर चार-सहा तासांनी चढतो. आमच्या घरी जेवण साडेपाचला. त्याआधी सुई. जोर चढायचा तो मध्यरात्रीच्या सुमारास, पोट रिकामं असताना. एका रात्री दोन वाजता आत्याबाई घामाने निथळत उठल्या, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. मी साखरेचं पाणी आणलं तर दात घट्ट मिटलेले. रात्रीभोजनाचा त्याग ना! शेवटी मामंजी म्हणाले, "नियमात औषधाची सूट आहे. हे औषधच आहे, घे." तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. संध्याकाळची सुई त्यानंतर डॉक्टरांनी दहा युनिटांवर आणली. पुढे साखर वाढली तशी पुन्हा बारावर गेली.

माणसाचं इन्सुलिन आणि जनावराचं, यांत फरक किती? फ्रेडरिक सँगर यांनी 1955 पर्यंत इन्सुलिनची सगळी घडण उलगडली, 1958 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. 51 अमिनो आम्लांची ती माळ. माणसाच्या आणि डुकराच्या माळेत एकाच मण्याचा फरक, गाईबैलांच्या माळेत तिघांचा. म्हणून तर ते आपल्याला चालत होतं. पण दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध इन्सुलिनला दोन टनांहून जास्त डुकरांची स्वादुपिंडं लागत. हा आकडा वाचला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सुटका झाली ती जंतूंमुळे. 1978 मध्ये अमेरिकेत माणसाच्या इन्सुलिनची कृती ई-कोलाय या जंतूच्या पेशीत घालून त्याच्याकडून इन्सुलिन तयार करून घेतलं, आणि 1982 मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. दुसऱ्या कंपन्यांनी यीस्टकडून तेच काम करून घेतलं. जंतूही जीवच, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण एकेंद्रिय आणि पंचेंद्रिय यांत फरक करायलाही आपल्याला शिकवलेलं आहे. आपल्याकडे हे 'ह्यूमन' इन्सुलिन बरीच वर्षं बाहेरून यायचं आणि महाग असायचं. 2003 मध्ये मुंबईच्या वोक्हार्टने आणि 2004 मध्ये बंगळुरूच्या बायोकॉनने इथेच बनवलेलं बाजारात आणलं.

मण्यांची अदलाबदल मग सुरूच झाली. दोन मण्यांच्या जागा बदलून लिस्प्रो केलं, 1996 मध्ये. ते पंधरा मिनिटांत लागू होतं, म्हणजे ताट वाढताना टोचलं तरी चालतं. 2000 मध्ये आलेलं ग्लार्जिन उलट कातडीखाली बारीक कण होऊन साठतं आणि जवळजवळ दिवसभर सारखं झिरपतं, मध्येच जोर चढत नाही. यांची दोन पेनं ती हीच. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ दिसतात, म्हणून नाव वाचल्याशिवाय हात लावायचा नाही, असं जावेला बजावलं. आणि बाटलीतून घ्यायचं झालं तर लाल टोपणाची सिरिंज चाळीसच्या औषधाला, नारिंगी टोपणाची शंभरच्या. शंभरचं औषध चाळीसच्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीच पट होतो.

आमच्या घरी ह्यूमन इन्सुलिन 1997 मध्ये आलं, किंमत जास्त असूनही. मी इतकी हरखले की बाटली हातात घेऊनच आत्याबाईंकडे गेले. "आत्याबाई, नवीन औषध आलंय. ह्यात कुठल्या जनावराचं काही नाही."

त्या वाती वळत होत्या. हात थांबला.

"म्हणजे आधीच्यात होतं?"

मग मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ वाती तशाच मांडीवर पडून राहिल्या. मग म्हणाल्या, "मला विचारायचं होतंस." एवढंच. विचारलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी बसदीतून आल्यावर त्यांनी मला वही-पेन घेऊन बसवलं. बाटल्या किती झाल्या, हिशेब कर म्हणाल्या. दहा मिलीची बाटली, मिलीला चाळीस युनिट, म्हणजे चारशे. दिवसाला छत्तीस धरली तर एक बाटली अकरा दिवस. वर्षाला तेहतीस, सहा वर्षांच्या एकशे अठ्ठ्याण्णव. साखर आधीच सुटली होती. त्यांनी तूप सोडलं, बाटलीमागे एक दिवस. चातुर्मासाच्या पहिल्या दिवशी नियम घेतला, आणि संक्रांतीच्या तीळ लावलेल्या भाकरीवरही तुपाचा थेंब नव्हता.

मीही त्यांच्याबरोबर सोडणार होते. पहिल्याच दिवशी ताटावर बसले तर त्यांनी स्वतः उठून माझ्या भातावर तूप वाढलं. मी हात आडवा धरला.

"बाटल्या माझ्या होत्या," त्या म्हणाल्या. "जेव."