न सांडणाऱ्या विजेचा शोध

आपल्या खिशातल्या टेलिफोनमध्ये लिथियमचा विद्युतघट असतो. त्याच्या दोन अग्रांमधून लिथियमचे आयन ये-जा करतात ते बहुधा एका ज्वालाग्राही द्रवातून. अधिक वीज साठावी म्हणून एक अग्र शुद्ध लिथियमचे केले, तर घट भरताना त्यावर बाभळीसारखे धातूचे काटे फुटतात. काटा पलीकडे टेकला की घट तापतो आणि द्रव पेट घेतो. १९८९ साली जपानात असाच एक टेलिफोन पेटला आणि कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीला आपले घट परत घ्यावे लागले.

द्रवाच्या जागी चिवट पापुद्रा घालावा, हा विचार त्याआधीचाच. १९७३ साली शेफील्ड येथे पीटर राइट व सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइड या बहुवारिकात क्षार मिसळून त्याचे गुण तपासले. १९७८ साली ग्रनोबलच्या मिशेल आर्मां यांनी त्याचा घटात उपयोग सुचविला.

परंतु मेख अशी की, बहुवारिकाच्या साखळ्या हलत्या असतील तरच आयन पुढे सरकतात. मऊ पापुद्रा आयनांना वाट देतो, पण काट्यालाही देतो; कठीण पापुद्रा दोघांनाही अडवितो. शिवाय हे द्रव्य सुमारे ६५ अंशांखाली गोठू लागते, म्हणून घट तापवून वापरावा लागतो. यावर १९९८ साली रोमच्या संशोधकांनी त्यात सिरॅमिकची अतिसूक्ष्म पूड मिसळली; इतरांनी एकाच साखळीत कठीण व मऊ तुकडे जोडले. हे काम अद्याप चालूच आहे.

पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ या काळात अशा घटांवर भाड्याच्या मोटारी धावल्या. मात्र एप्रिल २०२२ मध्ये तेथेच याच जातीच्या घटांच्या दोन बसगाड्या जळाल्या आणि १४९ गाड्या काही काळ थांबवाव्या लागल्या. घन झाले म्हणून निर्धोक झाले, असे समजू नये.

जून २०२४ मध्ये दक्षिण कोरियातील ह्वासाँग येथे लिथियम घटांच्या कारखान्याला आग लागून २३ कामगार गेले. त्यांपैकी १८ पोटासाठी परदेशातून आलेले. तेथील घट निराळ्या जातीचे होते, पण मरणारा माणूस कोण, हे तेथे दिसले. पापुद्र्याचा चिवटपणा प्रयोगशाळेने मोजावा. आग लागल्यास कामगाराने कोणत्या दाराने बाहेर पडायचे, हे मात्र त्याला कामाच्या पहिल्याच दिवशी दाखविले पाहिजे, आणि ते दाखविले की नाही हे आपण विचारीत राहिले पाहिजे.