दिसण्यासाठी दिवा

रत्नागिरीच्या रत्नदुर्गाजवळचा दीपस्तंभ १८६७ सालचा. मुलांची सहल तिथे नेली की मी एक प्रश्न हमखास विचारतो: या दिव्याच्या उजेडात खलाशाला काय दिसते? 'खडक', 'बंदर' अशी उत्तरे येतात. खरे उत्तर आहे, काहीच नाही. खलाशाला फक्त दिवा दिसतो आणि तेवढ्यावर त्याचे काम भागते.

पाहण्यासाठी लावायचा दिवा वेगळा आणि दिसण्यासाठी लावायचा वेगळा. बैलगाडीच्या आसाखाली लोंबणारा कंदील दुसऱ्या जातीचा. वाट बैलांना पाठ असे. कंदील असे तो समोरून किंवा मागून येणाऱ्यासाठी. हल्ली मोटारसायकलच्या पुढे जे एलईडीचे जोडदिवे बसवलेले दिसतात, त्यांचा खरा उपयोग याच जातीचा आहे. बसवणारे पुष्कळजण मात्र त्यांना पहिल्या जातीतले समजतात आणि घोटाळा तिथेच होतो.

कल्पना नवी नाही. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या बुलेटवर मोठ्या दिव्याच्या दोन बाजूंना दोन चिमुकले दिवे असत. गॅरेजवाले त्यांना 'टायगर लॅम्प' म्हणत. रस्त्यावर त्यांचा उजेड जवळजवळ पडतच नसे. यापेक्षा जोरकस काही बसवायचे तर वीज कुठून आणणार? कित्येक जुन्या दुचाकींची वीजव्यवस्था सहा व्होल्टची होती. मॅग्नेटोवर चालणारा दिवा इंजिन मंदावले की मिणमिणू लागे. अशा गाडीवर ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे कोकरावर नांगर.

ही अडचण डायोडने सोडवली, पण सावकाश. १९०७ साली हेन्री राउंड या इंग्रज अभियंत्याला कार्बोरंडमच्या, म्हणजे धार लावायच्या चाकात वापरतात त्या पदार्थाच्या स्फटिकातून वीज सोडताना पिवळसर प्रकाश दिसला. त्याने त्यावर छोटेसे टिपण छापले आणि विषय तिथेच राहिला. १९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्ह याने त्याचा नेटाने अभ्यास केला. लाल एलईडी निक होलोन्याकने १९६२ मध्ये केला. झगझगीत निळ्यासाठी मात्र १९९३ उजाडावे लागले. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांच्या या कामाला २०१४ चे नोबेल मिळाले. निळ्या डायोडवर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. दहा वॅटमध्ये डोळ्यात भरणारा दिवा यामुळे शक्य झाला.

दरम्यान दिवसा दिवा लावण्याचा विचारही रुजत होता. स्वीडनने १९७७ साली मोटारींना तो सक्तीचा केला. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. सुरुवातीला रस्त्यावरचे निम्मे लोक बोटांची उघडझाप करून 'अहो, लाइट चालू आहे' असे सांगत!

भर दिवसा दिवा कशासाठी, याचे एक उत्तर अगदी उलट्या दिशेने आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने ॲव्हेंजर विमानाच्या पुढच्या कडांवर दिवे लावले ते विमान *लपवण्यासाठी*. दिव्यांचे तेज आकाशाच्या तेजाइतकेच ठेवले की काळी आकृती पुसली जाई. एरवी सुमारे १९ किलोमीटरवरून दिसणारे विमान ३ किलोमीटरपर्यंत येईतो नजरेला पडत नसे. म्हणजे नुसता दिवा असून भागत नाही. तो पार्श्वभूमीहून ठळक हवा. आषाढात मुंबई-गोवा महामार्गावर करडे आकाश, करडा रस्ता आणि पावसाचा पडदा असतो, तेव्हा हा ठळकपणा जीव वाचवू शकतो.

आता भूमितीकडे वळू. एकटा दिवा म्हणजे लांबून एक बिंदूच. तो जवळ येतो आहे की जागेवर आहे, हे कळत नाही. ताशी ६० किलोमीटरने समोरासमोर येणारी दोन वाहने २०० मीटरचे अंतर सहा सेकंदांत संपवतात. ओव्हरटेक करणाऱ्या ट्रकचालकाला तेवढ्यात अंदाज बांधायचा असतो. चाळीस सेंटिमीटर अंतरावरचे दोन दिवे २०० मीटरवरून सुमारे ७ कलांचा कोन करतात, १०० मीटरवरून १४ कलांचा. चांगली नजर एका कलेचा फरक ओळखते, त्यामुळे दिवे 'फाकत' येताना दिसतात. मुख्य दिवा वर आणि हे दोन खाली असा त्रिकोण झाला तर आणखी चांगले. अमेरिकेत फाटकांवरून वेगाने जाणाऱ्या रेल्वे इंजिनांना असाच दिव्यांचा त्रिकोण १९९७ अखेरपासून सक्तीचा आहे.

पण हेच दिवे पाहण्यासाठी म्हणून वर रोखले की परशुराम घाटाच्या वळणावर समोरच्याचे डोळे दिपतात, आणि पावसाचे थेंब चष्म्यावर असले तर विचारूच नका. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे फेरफार करू देत नाही. तेव्हा आधी आरटीओत विचारावे.

हे सारे मैदानावर पडताळता येईल. तिन्हीसांजेला एका विद्यार्थ्याला शंभर मीटरवरून आधी एक टॉर्च घेऊन, मग चाळीस सेंटिमीटरच्या काठीच्या दोन टोकांना दोन टॉर्च बांधून चालत यायला सांगा. 'जवळ येतोय' अशी खात्री पटताच बाकीच्यांनी हात वर करायचा. दोन्ही वेळचे अंतर मोजायचे. टॉर्च सरळ डोळ्यांवर न धरता किंचित जमिनीकडे झुकवलेले असावेत. किती झुकवले की दिपणे थांबते आणि दिसणे राहते, याचेही माप त्याच वेळी घेता येईल.