केडगावची मुक्ती : उपासना आणि दीनसेवा

भोपाळच्या बरखेडा वसाहतीतील मराठी वाचकाला पुणे जिल्ह्यातील केडगाव दूरचे वाटेल. परंतु तेथील मुक्ती सदनाच्या इतिहासाचा एक धागा आजच्या मध्य प्रदेशापर्यंत येऊन पोहोचतो.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना फुलहॅम येथील आपला आश्रम दाखविला. समाजाने ‘पतित’ म्हणून लोटलेल्या स्त्रियांना तेथे मायेने सांभाळले जात होते. असे का, या रमाबाईंच्या प्रश्नाला एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगून उत्तर दिले. खरी उपासना कोणती, याचे येशूने केलेले विवेचन त्याच कथेत येते. उपासना आणि दीनसेवा यांचे अभिन्नत्व रमाबाईंच्या मनात ठसले, ते तेव्हापासून. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८९ साली मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात, असा आक्षेप निघून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागार दूर झाले. हा आक्षेप सहज झटकण्यासारखा नव्हता. आश्रयास आलेल्या असहाय जीवाची संमती कितपत स्वतंत्र मानावी, हा प्रश्न इतिहासकारास टाळता येत नाही.

मात्र सेवेचे मोलही तितकेच खरे. रमाबाईंनी स्वतः दुष्काळात उपासमार सोसली होती; त्या काळातच आई-वडील व थोरली बहीण गमावली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० स्त्रिया व मुलींना आश्रय दिला. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर नेण्यात आले. १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या दीड हजारांवर गेली. तेथे प्रार्थनेसोबत शिक्षण, शेती, विणकाम आणि छपाई चाले. फुलहॅमच्या स्मृतीस अनुसरून ‘कृपा सदन’ही उभे राहिले.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. त्याची छपाई मुक्तीतील स्त्रियांनी केली. एकेकाळी अन्नासाठी आलेल्या हातांनीच उपासनेचा ग्रंथ सिद्ध झाला. ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी त्या अनाम हातांचे स्मरण उचित ठरेल.