टसर रेशीम : विकरांचा वापर

टसर रेशीम अँथेरिया मायलिटा या रानपतंगाच्या कोशापासून मिळते. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या पोसल्या जातात. तिथे कोशाला कोसा म्हणतात. ढिवर समाजाने हे काम पिढ्यानपिढ्या सांभाळले असून आरमोरी हे त्याचे नावाजलेले केंद्र आहे.

कोशाचा धागा फायब्रॉइनचा असतो आणि त्याला चिकटवणारा डिंक सेरिसिनचा. दोन्ही प्रथिने, म्हणजेच अमिनो आम्लांच्या लांब साखळ्यांची बहुवारिके. टसरच्या कोशात टॅनिने व कॅल्शियम ऑक्झलेटही असल्याने तो तुतीच्या कोशापेक्षा पुष्कळ टणक होतो. नुसत्या उकळत्या पाण्याला दाद देत नाही. सोडा घालून उकळला तर मऊ पडतो, पण अल्कामुळे धाग्याचा कस आणि मधासारखा रंगही उतरतो.

ही अडचण पतंगाने केव्हाच सोडवलेली आहे. बाहेर पडताना तो कोकूनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, कोशाच्या टोकाशी सोडतो. विकर डिंक पचवते, फायब्रॉइनला मात्र धक्का लावत नाही. पतंग मोकळे झालेले धागे बाजूला सारून निघतो. टसरच्याच कुळातल्या एका अमेरिकी पतंगावर काम करून फोटिस काफाटोस व कॅरोल विल्यम्स यांनी १९६४ मध्ये ही क्रिया उलगडली. नेमका डिंकच ओळखण्याची ही निवड कोणत्याही अल्काला जमत नाही. कोसे शिजवतानाही प्रथिने पचवणारी विकरे वापरता येतात. पपईच्या चिकातले पपेन हे त्यांपैकी एक. उकळत्या पाण्यात विकरे निकामी होत असल्याने कोसे आधी वाफवतात आणि निवल्यावर कोमट द्रावणात भिजत ठेवतात.

विकरे तोडतात तशी जोडतातही. पेरॉक्सिडेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने फायब्रॉइनमधील टायरोसिन या अमिनो आम्लाचे दुवे एकमेकांना जोडते आणि द्रावणाचा लवचिक जेल बनतो. टायरोसिनेज वापरून फायब्रॉइनला कायटोसान ही बहुशर्करा जोडता येते. टसरचे फायब्रॉइन पेशी वाढवण्याच्या कामासाठी विशेष मोलाचे, कारण त्यात आर्जिनिन, ग्लायसिन व अ‍ॅस्पार्टिक आम्ल असा पेशींना धरून ठेवणारा क्रम मुळातच असतो. ऊती वाढवण्याच्या आधारपटलांसाठी त्याचा अभ्यास झाला आहे. मात्र तुतीचे रेशीम विरघळवणाऱ्या लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात टसरचा धागा सहज विरघळत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत हे प्रथिन बहुधा पक्व अळीच्या रेशीमग्रंथीतूनच काढून घेतले जाते.