मोटारीतील नभोवाणी : उपग्रहाची आणि मनोऱ्याची

हैदराबादहून सोलापूरकडे मोटारीने निघालेल्या माणसाला भाषांची सीमा आधी कानांना कळते आणि मग डोळ्यांना. संगारेड्डीपर्यंत रेडिओवर तेलुगू आणि दखनी वळणाची हिंदी ऐकू येते. झहीराबादनंतर ते आवाज विरळ होतात, हुमनाबादच्या आसपास कन्नड कानी पडते आणि उमरगा ओलांडून नळदुर्ग जवळ आले की मराठी. मधल्या टप्प्यांत खरखरीचीच सोबत असते. ही खरखर घालवण्याचे दोन मार्ग गेल्या पाव शतकात आपल्यापुढे आले. एक उपग्रहाचा, दुसरा जमिनीवरील मनोऱ्यांवरून होणाऱ्या डिजिटल प्रक्षेपणाचा. त्यांची तुलना बहुधा आवाजाच्या शुद्धतेवरून केली जाते. आम्हांला मात्र तो आवाज कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. आणि तो हैदराबादला नवा नाही.

या शहरातील नभोवाणीचा आरंभ एका छोट्या खासगी केंद्राने झाला. १९३५ साली निजाम सरकारने ते ताब्यात घेतले आणि ‘दक्कन रेडिओ’ संस्थानाचा आवाज झाला. संस्थानाचे दुसरे केंद्र औरंगाबादेस होते. उर्दू ही सरकारी भाषा, तरी तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या प्रजेला सर्वस्वी वगळणे त्या केंद्रांना शक्य नव्हते. पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी याच केंद्रावरून निजामाने युद्धबंदी जाहीर केली. मराठवाड्याच्या मुक्तीची ती वार्ता होती. १९५० साली ही केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली. मालक बदलला, पण मनोरा जागेवर राहिला आणि घरोघरचे रेडिओ निकामी झाले नाहीत. ही साधी गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

उपग्रह नभोवाणी भारतात आली ती ‘वर्ल्डस्पेस’च्या रूपाने. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा यांनी १९९० साली ही कंपनी अमेरिकेत स्थापिली. जिथे केंद्रे तुटपुंजी आहेत अशा आफ्रिका-आशियातील देशांना आकाशातून आवाज पोहोचवावा, ही त्यामागील कल्पना. मार्च २००० मध्ये ‘एशियास्टार’ हा उपग्रह सुटला आणि विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, १०५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर झाला. हिंदुस्थानी संगीताची ‘गंधर्व’, कर्नाटक संगीताची ‘श्रुती’, जुन्या हिंदी गीतांची ‘फरिश्ता’, तेलुगूची ‘स्पंदना’ अशा वाहिन्या वर्गणीदारांना मिळू लागल्या. निवेदकाची बडबड आणि जाहिरातींचा मारा नसलेले चोवीस तासांचे रागसंगीत रसिकांना अपूर्वाईचे वाटले, यात नवल नाही.

पण मोटारीत ही सोय जात नव्हती. हैदराबादेतून एशियास्टार आग्नेयेकडे दिसतो. त्या दिशेला लहानशी चपटी अँटेना रोखून घरात गाणे ऐकता येई. वळणारी, पुलाखालून जाणारी, उंच इमारतींच्या सावलीत शिरणारी मोटार हे कसे साधणार? अमेरिकेत ‘एक्सएम’ने २००१ साली आणि ‘सिरियस’ने २००२ साली खास मोटारींसाठी सेवा सुरू केली. त्यांनी मोठ्या शहरांत उपग्रहाचा संकेत झेलून पुन्हा फेकणारे जमिनीवरील मनोरे उभारले. म्हणजे आकाशवासी रेडिओलाही शहरात शिरायचे तर अखेर मनोऱ्याचाच आधार घ्यावा लागला! भारतात असे मनोरे उभारायचे तर सरकारची परवानगी हवी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००५ साली उपग्रह नभोवाणीविषयी शिफारशी केल्या, परंतु त्यांतून धोरण आकाराला येण्याआधी कंपनीच कोसळली. ऑक्टोबर २००८ मध्ये तिने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातील सेवा थांबली. तिचे बहुसंख्य वर्गणीदार याच देशात होते. त्यांच्या घरच्या संचांवर त्यानंतर या वाहिन्या ऐकू येत नव्हत्या. उपग्रह आकाशात होता आणि संच घरात होता. मधला व्यवहार तेवढा संपला होता.

दुसरा मार्ग धिमा आहे. आकाशवाणीने ‘डिजिटल रेडिओ मोंडियाल’, म्हणजे डीआरएम ही पद्धती निवडली. २००९ च्या आरंभी दिल्लीजवळील खामपूर येथून तिचे प्रक्षेपण सुरू झाले आणि पुढील काळात सुमारे ३५ मध्यमलहरी प्रक्षेपक या पद्धतीचे बसवण्यात आले. हैदराबादचे केंद्रही त्यांत होते. मध्यमलहरींचा पल्ला शेकडो किलोमीटरचा असतो. त्याच लहरींवर डिजिटल संकेत पाठवला की खरखर जाते, एका प्रक्षेपकावर अधिक कार्यक्रम बसतात, आणि वादळ-पुराची सूचना अक्षरांतही देता येते. अलीकडे अनेक मोटारींत असे संच बसवलेलेच असतात. वर्गणी नाही, दिशा साधणे नाही.

तरीही या मार्गाचे गुणगानच करावे, अशी स्थिती नाही. डिजिटल संकेत एका मर्यादेखाली क्षीण झाला की जुन्या रेडिओसारखा कुरकुरत ऐकू येत नाही, तो एकदम मुका होतो. मोटारीबाहेर परवडणारे संच फार कमी आहेत. आणि आपल्या गाडीत डीआरएम आहे, हेच कित्येक गाडीमालकांना ठाऊक नसते. ज्या रेडिओची जाहिरात होत नाही आणि ज्यावर वेगळे ऐकण्यासारखे थोडेच असते, त्याची कळ कोण दाबणार? खासगी एफएम केंद्रांच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्या तेरा शहरांचा विचार केला, त्यांत मुंबई, पुणे, नागपूर यांच्यासह हैदराबादही आहे. तेव्हा ही कथा अपुरीच आहे.

तुलनेचा निष्कर्ष म्हणून आम्ही एवढेच म्हणू : उपग्रहाने एकच आवाज संपूर्ण खंडावर पसरवला आणि अभिजात संगीताला त्यात मानाची जागा दिली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. पण ती वर्गणीदाराची नभोवाणी होती. वर्गणी घेणारा गेला की ती गेली. मनोऱ्याची नभोवाणी त्या त्या मुलखाची असते. तिच्यात राजवट बदलल्यावरही टिकण्याचे बळ आहे, हे १९५० ने दाखवले आहे. मात्र मनोरा टिकला म्हणजे त्यावरून आपली भाषाही आपोआप बोलली जाईल, असे नाही. हैदराबादच्या मराठी माणसाला याचा अनुभव आहे. एका प्रक्षेपकावर अधिक कार्यक्रम बसू लागले, तर त्यांतली एखादी घटका मराठीसाठी मागणे हे आता आपले काम आहे. ती मिळाली तर नळदुर्ग येईपर्यंत थांबावे लागणार नाही.