घोडनदी, दौंड आणि संगणकाची दुरुस्ती

1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला आणि दौंडास जंक्शनाची प्रतिष्ठा लाभली. वाफेच्या इंजिनांची निगा राखणाऱ्या तेथील लोकोशेडमध्ये लोखंडाचा स्वभाव ओळखणारी माणसे घडली. शिरूरची, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडच्या घोडनदीची, हकीकत निराळी: इंग्रजी अमदानीत तेथे पूना हॉर्स या घोडदळाची छावणी होती, आणि घोडदळ म्हटले की नालबंद व खोगीर शिवणारा हे ओघानेच आले. छावणी गेली, वाफेची इंजिनेही गेली. परंतु बिघडलेली वस्तू धन्यासमक्ष उघडून तिचा दोष त्याला दाखविण्याचा रिवाज विहिरीवरील मोटारींचे रिवाइंडिंग करणाऱ्यांनी आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी पुढे चालविला.

2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्याच्या गावी निघाली, सातबाऱ्याच्या दफ्तराचेही संगणकीकरण होऊ लागले, आणि संगणकाचा संचार मामलेदार कचेरीपासून लग्नपत्रिका छापणाऱ्या मुद्रणालयापर्यंत झाला. यांतील पुष्कळ यंत्रे ‘असेंबल’ केलेली, म्हणजे सुटे भाग आणून गावातच जुळविलेली असत. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज कधी जाईल व कोणत्या दाबाने परतेल याचा भरवसा नसल्यामुळे एसएमपीएस, म्हणजे संगणकास वीज पुरविणारा भाग, जळणे नित्याचेच होते. कारागीर पेटी उघडी, ब्लोअरने धूळ उडवी, रॅम काढून तिची सोनेरी कडा खोडरबराने पुशी, मदरबोर्डावरील फुगलेला कपॅसिटर बोटाने दाखवी, आणि मगच पैशांची गोष्ट काढी. त्याच्या हातून चुका होत नसत असे नव्हे. पण त्याचे दार ठाऊक होते आणि आठवडे बाजारात त्याची गाठ पडल्याशिवाय राहत नसे.

पुढे महानगरांत साखळी दुकानांची दालने उघडली. छापील पावती, हप्त्यांची सोय आणि वॉरंटी यांनी तालुक्यांतील मध्यमवर्ग तिकडे ओढला गेला, यात गैर काहीच नव्हते; गैर होते ते विक्रीनंतरचे. बिघडलेला लॅपटॉप एसटीने पुण्यास न्यावा, काउंटरावरील तरुणाने तो न उघडताच जॉबशीट हाती ठेवावे, यंत्र कोठे तरी रवाना व्हावे, आणि पुष्कळ दिवसांनी ‘लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही’ असा फैसला दूरध्वनीवर ऐकावा लागावा, हा अनुभव आमच्या घरीही आलेला आहे. तो ओलावा कोठे दिसला, ते दाखवा, असे विचारले तर दुकान म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे दुकानाला विचारा. गावच्या कारागिराकडून उघडून घ्यावे, तर सील तुटल्यामुळे उरलीसुरली वॉरंटीही बाद. पुरावा न दाखविता निकाल देण्याची ही पद्धत सर्वथा अन्याय्य आहे.

1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाद मागण्याचा हक्क दिला. मात्र तक्रार प्रतिपक्षाच्या व्यवसायाच्या ठिकाणी अथवा वादाचे कारण घडले तेथेच गुदरावी लागे. जुलै 2020 मध्ये अमलात आलेल्या 2019 च्या कायद्याने तक्रारदाराच्या स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगाचे दार उघडले, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस तक्रारीचे शुल्कही ठेवले नाही. तरीही शिरूर-दौंडच्या रहिवाशाला जिल्हा म्हणजे पुण्याची खेप आलीच. 24 डिसेंबर 2022 रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काविषयी माहिती देणारे संकेतस्थळ सुरू केले, हे स्वागतार्ह; परंतु अनेक नव्या लॅपटॉपांत रॅमच बोर्डावर डाख देऊन पक्की केलेली असताना केवळ माहितीने कारागिराचे काय भागणार? सुटे भाग त्याला वाजवी दरात विकणे कंपन्यांवर बंधनकारक व्हावे, आणि दोष ग्राहकासमक्ष दाखविल्याखेरीज वॉरंटी नाकारता येऊ नये, अशी तरतूद कायद्यातच हवी.