बैलाचा खांदा आणि मोटारीचा आंस

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव वसलें आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीनें सांकलिया, अन्सारी व ढवळीकर या संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत येथें उत्खनन केलें. इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची वस्ती, तिचीं घरें आणि पाण्याचा पाट त्यांत उजेडांत आला. तेथील एका मातीच्या भांड्यावर बैल जुंपलेल्या गाडीची आकृति आढळली. दख्खनच्या शेतकऱ्याचा आणि गाडीचा संबंध किती जुना आहे, याची ही साक्ष होय.

पुढें गांवच्या सुतार-लोहारांनीं जी गाडी घडविली, तिच्यांत प्रत्येक भाग दुसऱ्याच्या मापाचा असे. मधला लांकडी तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आऱ्यांवर बसविलेले पाटे आणि भोंवतीं तापवून चढविलेली लोखंडी धाव, असें हें चाक. धाव निवतांना आकसते व सारें चाक आंवळून धरते. चाक उंच, म्हणून आंस उंच. आंस उंच, म्हणून दांडी जवळजवळ सपाट राहून बैलाच्या खांद्यावरील जुवाला भिडते. सुताराच्या हातांत कागदाचा आराखडा नव्हता. परंतु बैलाच्या खांद्याची उंची त्याच्या डोळ्यांपुढें होती.

जॉन डनलॉप यांनीं १८८८ सालीं हवा भरलेली रबरी धाव तयार केली आणि कालांतरानें ती बैलगाडीलाही लाभली. लोखंडी धाव मऊ जमिनींत रुतते व सडक कापते. रबरी टायर पसरट असल्यानें तसें होत नाहीं, आणि ओढही हलकी होते. ऊस कारखान्यावर पोंचविण्यास ही गाडी फार उपयोगी पडली. नवा सांचा महाग वाटला, तेथें मोडीत निघालेल्या मोटारीचा आंस व चाकें जुन्या साट्याखालीं बसविण्यांत येऊं लागलीं. खरी अडचण येथेंच उभी राहिली.

मोटारीचें चाक लांकडी चाकाहून पुष्कळच ठेंगणें. तें तसेंच बसविलें, तर साटा खालीं येतो, दांडी पुढें वर चढते, ओझें मागें कलतें आणि जूं वर उचललें जाऊन बैलाच्या गळ्याखालील पट्टा आंवळतो. म्हणून जाणता कारागीर आंस व साटा यांमध्यें लांकडाचे ठोकळे घालून गेलेली उंची भरून काढतो. नंतर आंस पुढें-मागें सरकवून तोल पाहतो. आंस फार मागें राहिला, तर सारा भार खांद्यावर येतो. फार पुढें गेला, तर गाडी उलार होते. थोडा भार जुवावर असावा, अधिक नसावा, हें त्याचें गणित. उतारावर मात्र हलकी चालणारी गाडीच वैरीण होते. तिला रोध नसेल, तर मागील ओझें बैलांनाच रेटीत नेतें.

कमानींचीही हीच गोष्ट आहे. पोलादी पट्ट्यांची कमान गाडीखालीं बसविण्याचा हक्क इंग्लंडांत ओबडाया इलियट यांनीं १८०४ सालीं नोंदविला. पुढें टांग्यांना तिचा लाभ झाला. परंतु मालमोटारीची कमान हलक्या टांग्याखालीं लाविली, तर ती वांकतच नाहीं व प्रत्येक धक्का उतारूच्या पाठीला बसतो. सारख्या जाडीच्या व लांबीच्या पट्ट्यांतील निम्म्या काढल्या, तर ताठरपणा निम्मा होतो. पण सहनशक्तीही निम्मी होते, हें विसरतां येत नाहीं. टायरच्या बैलगाडीला बहुधा कमान नसतेच. टायरमधील हवा तेंच काम थोडेंबहुत करते.

ऊसतोडीच्या हंगामांत मराठवाड्यांतील मजूर कुटुंबें बैलांसह साखर कारखान्यांच्या मुलखांत उतरतात. त्यांच्यापाशीं बैलजोडी हीच मोठी ठेव असते, आणि तिच्याच जिवावर हंगामाची मजुरी हातीं पडते. गाडीचा आंस चार बोटें चुकला, तर त्याची किंमत प्रथम बैल देतो व मागाहून त्याचा धनी. परका भाग मोटारीचा असो वा दुसऱ्या गाडीचा, तो बोल्टानें आंवळला म्हणजे बसला असें नव्हे; बैल मान मोकळी ठेवून पाऊल टाकूं लागला, म्हणजेच तो बसला.